एपिड्युरलची नळी काढली की ती बाई कोणाची? भूलतज्ज्ञ, प्रसूतितज्ज्ञ आणि लेबर रूम चालवणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

नमस्कार डॉक्टर, सिस्टर, आणि लेबर रूमचे नियम ज्यांच्या सहीने ठरतात ते सगळे,

विषय बाळंतपणातलं एपिड्युरल, म्हणजे कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीच्या कण्यापाशी बारीक नळी घालून दिली जाणारी भूल. आधीच सांगून टाकते, मी एपिड्युरलच्या विरोधात नाहीये, त्यामुळे "बघा, आम्ही म्हणत नव्हतो का, पाठीत सुई टोचून घेऊ नका" असं वर लिहून हे पत्र कोणी फॉरवर्ड करणार असेल तर प्लीज नको. मी स्वतः घेतलं. कळा सहन होईनात तेव्हा घेतलं, थोड्या वेळात माणसात आले आणि परत वेळ आली तर परत घेईन. ज्या भूलतज्ज्ञांनी ते दिलं त्यांचे आभार मानायचे मात्र राहून गेले, कारण ते नंतर मला कधी दिसलेच नाहीत.

आणि माझं सगळं म्हणणं इथूनच सुरू होतं.

बाळ झालं, टाके झाले, सिस्टरने पाठीतली नळी हळूच ओढून काढली, पट्टी लावली, फाईलवर वेळ टाकली. त्या क्षणापासून ती बाई भूलतज्ज्ञांची राहत नाही, त्यांना पुढच्या केससाठी बोलावणं आलेलं असतं. प्रसूतितज्ज्ञांची ती असते, पण टाके, रक्तस्राव आणि दूध एवढ्यापुरती. वॉर्डातल्या सिस्टरला एपिड्युरल झालेल्या बाईचं वेगळं काय बघायचं हे बऱ्याचदा कोणी सांगितलेलंच नसतं. आणि एपिड्युरलची जी गुंतागुंत बाईला सोबत घरी घेऊन जावी लागते ती बहुतेक सगळी या नळी काढण्यानंतरच डोकं वर काढते. मला सांगायचंय ते एवढंच.

तुम्ही खोलीत असता तेव्हाचे धोके मी कमी लेखत नाही. औषध दिल्यावर पायांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी खाली येतं, मळमळतं, कधी बाळाचे ठोके मंदावतात. म्हणून तर सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं दर पाच मिनिटांनी बीपी, डाव्या कुशीवर वळवणं, सलाईन, लागलं तर बीपी वर आणणारं फिनाइलेफ्रिन नाहीतर एफेड्रिन. नळी चुकून रक्तवाहिनीत गेली तर तोंडात धातूसारखी चव, कानात गुंई आवाज, पुढे झटके आणि हृदय बंद पडण्यापर्यंत. चुकून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात गेली तर भूल वर छातीपर्यंत चढून श्वासच अडकतो. म्हणून आधी थोडासा टेस्ट डोस, मग औषध एकदम न देता थोडं थोडं. या सगळ्यामागे तुमच्या क्षेत्राने मोजलेली किंमत आहे हेही मला माहितीये. ०.७५ टक्के ताकदीच्या बुपिव्हाकेन या भुलीच्या औषधाने बाळंतिणींचं हृदय बंद पडल्याच्या घटना घडल्या आणि १९८४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) बाळंतपणात ते वापरू नका असं सांगितलं. आता त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास ताकदीचं औषध वापरतात, सोबत फेंटानिल हे वेदनाशामक. २००१ मध्ये ब्रिटनमधल्या कॉमेट ट्रायलने दाखवलं की कमी डोसच्या एपिड्युरलमध्ये नॉर्मल डिलिव्हरी ४३ टक्क्यांच्या आसपास होते, जुन्या जास्त डोसमध्ये ३५ टक्के होत होती. म्हणजे ज्या गोष्टीकडे तुम्ही नीट बघितलंत ती सुधारलीत. मग जे तुमच्या पाठीमागे घडतं त्याच्याकडेही बघा ना, एवढंच मागणं आहे.

आता डोकेदुखीचं सांगते, कारण ती माझ्या वाट्याला आली होती आणि कारण इतक्या बायकांकडून तीच तीच गोष्ट ऐकलीये की मला पाठ झालीये.

एपिड्युरलची सुई जाड असते, साधारण १६ ते १८ गेजची, आणि तिला ड्यूरा नावाच्या आवरणाच्या अलीकडे थांबायचं असतं. कधीकधी ती पुढे जाते, आवरणाला भोक पडतं, मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी त्यातून झिरपत राहतं. हे शंभरात एखाद्या बाईला होतं, कितीही कसलेला हात असला तरी होतं, त्याबद्दल कोणावर राग नाही. पण भोक पडलेल्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींना मग ती डोकेदुखी होते. ती बहुतेक वेळा लगेच नसते, एक-दोन दिवसांनी सुरू होते, कधी आणखी उशिरा. तोपर्यंत बाईला डिस्चार्ज मिळालेला असतो!

आणि ही डोकेदुखी ओळखायला स्कॅन लागत नाही हो. आडवं पडलं की कमी, उठून बसलं किंवा उभं राहिलं की काही मिनिटांत कपाळ आणि मागचं डोकं फुटायला लागतं, मान आखडते, कान दडे बसल्यासारखे होतात, उजेड नको वाटतो, काहींना एकाचे दोन दिसतात. एक प्रश्न विचारला की झालं, "झोपल्यावर बरं वाटतं का?" पण तो प्रश्न विचारणारं कोणी समोर नसतं. मी फोन केला तेव्हा पलीकडून झोप, टेन्शन, पाणी कमी पिताय, पहिलंच बाळ आहे ना, असं सगळं ऐकवलं गेलं, आणि फोनवरच्या माणसाने एपिड्युरल घेतलं होतं का एवढं मात्र विचारलं नाही. बसून बाळाला पाजता येत नव्हतं, बाळ उचलून उभं राहायची भीती वाटत होती, आणि घरातल्यांना वाटत होतं की ही जरा जास्तच करतेय. कारण झोपले की मी बरी दिसायचे! या दुखण्याचा स्वभावच असा आहे की बघायला आलेल्या माणसासमोर बाई आडवी पडलेली आणि ठीकठाक असते.

गंमत म्हणजे (गंमत कसली) या डोकेदुखीचं पहिलं वर्णन करणारा माणूस डॉक्टरच होता. जर्मन सर्जन ऑगस्ट बीअरने १८९८ मध्ये मणक्यात भूल द्यायचा प्रयोग सहकाऱ्याच्या मदतीने स्वतःवरच करून घ्यायचा प्रयत्न केला आणि मग उभं राहिलं की डोकं दुखतंय म्हणून कित्येक दिवस आडवा पडून होता. सव्वाशे वर्षं झाली. पडल्यावर बरं वाटतं हे त्याने तेव्हाच लिहून ठेवलंय.

उपायही आहेत आणि ते तुमच्याचकडे आहेत. सौम्य असेल तर वेदनाशामक, पुरेसं पाणी, थोडं कॅफीन, आराम. फार असेल आणि उठता येत नसेल तर ब्लड पॅच, म्हणजे बाईच्याच हातातून वीसेक मिली रक्त काढून ते पाठीत एपिड्युरलच्याच जागेत सोडायचं, ते भोकावर गोठून गळती थांबवतं. हे १९६० पासून माहिती आहे. सगळ्यांना एका झटक्यात बरं वाटतं असंही नाही, एका पॅचने पूर्ण आणि कायमचा आराम साधारण एक तृतीयांश बायकांना मिळतो, थोडाफार धरला तर निम्म्याहून अधिक जणींना, काहींना दुसरा पॅच लागतो. हेही आधी सांगा, नाहीतर पॅचनंतर दुखलं की बाईला वाटतं आपल्यालाच काहीतरी भलतं झालंय. आणि दुर्लक्ष केलं तर "जाईल आपोआप" इतकं ते नेहमी साधं नसतं. क्वचित मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचतं, काहींची डोकेदुखी महिनोन्महिने रेंगाळते. शिवाय बाळंतपणानंतरच्या डोकेदुखीमागे प्री-एक्लॅम्प्सिया (बाळंतपणाच्या आसपास बीपी वाढण्याचा गंभीर आजार) असू शकतो, मेंदूच्या शिरेत गुठळी असू शकते. म्हणजे ज्या बाईला तुम्ही फोनवर पाणी प्या म्हणून सांगता तिचं निदान झालेलंच नसतं, ना साधं ना गंभीर.

यात मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळी आहे. कित्येकदा भोक पडलंय हे सुई घालणाऱ्याला त्याच क्षणी कळतं, सुईतून पाणी येताना दिसतं. मग ते बाईला सांगतच नाहीत. त्या वेळी कळांमध्ये सांगून काय उपयोग हे मान्य, पण बाळ झाल्यावर? दुसऱ्या दिवशी? "ताई, सुई थोडी पुढे गेली होती, तुम्हाला उठल्यावर डोकं दुखू शकतं, दुखलं तर या नंबरवर फोन करा, आमच्याकडे उपाय आहे." एवढ्या दोन वाक्यांनी बाईचे आणि घरातल्यांचे किती दिवस वाचतील. कोर्टकचेरीची भीती वाटत असेल तर उलट बाजूने विचार करून बघा, नंतर दुसऱ्या डॉक्टरकडून कळल्यावर बाई जास्त भडकते की तुमच्या तोंडून ऐकल्यावर?

पायांचं बोलू.

एपिड्युरल थांबल्यावर पाय हळूहळू परत आपले होतात. प्रश्न आहे की किती वेळात व्हायला हवेत आणि नाही झाले तर कोणी कोणाला हाक मारायची. ब्रिटनच्या असोसिएशन ऑफ अॅनेस्थेटिस्ट्स आणि ऑब्स्टेट्रिक अॅनेस्थेटिस्ट्स असोसिएशनने (ओएए) २०२० मध्ये यावर गाईडलाईन काढली. इतकी सोपी आहे की वाचून मला चीडच आली, की एवढंच तर करायचं होतं! शेवटच्या डोसनंतर ४ तासांनी बाईला पलंगावर पाय सरळ ठेवून उचलायला सांगायचा. उचलता आला तर ठीक. नाही आला तर भूलतज्ज्ञांना बोलवायचं, उद्या राउंडला नाही, तेव्हाच.

इतकी घाई कशाला, तर मणक्यातल्या जागेत रक्त साचून मज्जातंतूंवर दाब आला तर हातात काही तासच असतात, त्या काही तासांत ऑपरेशन करून दाब कमी केला तर पाय परत मिळण्याची आशा. हे फार दुर्मिळ आहे, ओएएच्या माहितीपत्रात एपिड्युरलनंतर असं रक्त साचणं १,७०,००० त एक आणि पू होणं ५०,००० त एक असं दिलंय. दुर्मिळ आहे म्हणूनच तर धोका आहे, कारण वॉर्डातल्या सिस्टरने ते आख्ख्या नोकरीत बघितलेलं नसतं आणि "अजून एपिड्युरलचा असर आहे, उतरेल सकाळपर्यंत" हे वाक्य तिने हजार वेळा म्हटलेलं असतं आणि हजारही वेळा खरं ठरलेलं असतं.

इथेच रक्त पातळ करायच्या इंजेक्शनचा मुद्दा येतो, आणि तो तर दोन डॉक्टरांच्या मधे पडलेला असतो. पायात गुठळी होऊ नये म्हणून दिलं जाणारं हेपरिन (आता बहुतेक लो मॉलिक्युलर वेट वालं) प्रतिबंधक डोसमध्ये दिलं असेल तर त्यानंतर साधारण १२ तास पाठीतली नळी घालायची पण नाही आणि काढायची पण नाही, आणि काढल्यावर पुढचा डोस किमान ४ तासांनी. इंजेक्शन लिहितात प्रसूतितज्ज्ञ, नळी असते भूलतज्ज्ञांची, आणि घड्याळ बघायचं असतं ड्युटीवरच्या सिस्टरने जिला या दोघांचं एकमेकांशी बोलणं झालंय की नाही हेही माहीत नसतं.

बरं, पायातली सगळी कमजोरी एपिड्युरलचीच असते असंही नाही, हे मी भूलतज्ज्ञांच्या बाजूने बोलतेय. २००३ मध्ये अमेरिकेत ६,००० हून जास्त बाळंतिणींना विचारून, तपासून केलेल्या अभ्यासात जवळपास एक टक्का जणींच्या पायाच्या नसांना इजा झालेली सापडली, आणि संबंध दिसला तो पहिलटकरीण असण्याशी आणि जोर लावण्याचा टप्पा लांबण्याशी. बाळाचं डोकं ओटीपोटातल्या नसा दाबतं, मांड्या दुमडून तासन्तास जोर लावायला लावलं तर मांडीच्या नसा चिमटतात, मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिर चकता येतो, कधी पाऊल उचलत नाही. त्यात एपिड्युरलचा हात असलाच तर एवढाच की पाय दुखत नसल्यामुळे बाई त्याच अवघड पोझिशनमध्ये पडून राहते, हलत नाही, म्हणून दर थोड्या वेळाने तिचे पाय सैल करायचं काम दुसऱ्या कोणीतरी करायचं. आता बाई चालताना लटपटली की प्रसूतितज्ज्ञ म्हणतात एपिड्युरलमुळे, भूलतज्ज्ञ म्हणतात डिलिव्हरीमुळे, आणि तपासत कोणीच नाही. दोघं एकत्र तिच्या पलंगापाशी दहा मिनिटं उभे राहिले तर बहुतेक वेळा पायाच्या कुठल्या भागाला कळत नाही यावरूनच कुठली नस ते समजतं की.

लघवीचं कोणाला बोलायला आवडत नाही. एपिड्युरलमध्ये लघवी लागल्याचं कळतच नाही, मूत्राशय भरत राहतं, फार ताणलं गेलं तर नंतर बराच काळ नीट रिकामं होत नाही. बाळंतपणानंतर किंवा लघवीची नळी (कॅथेटर) काढल्यावर सहा तासांत लघवी झाली का, आणि किती झाली, हे लिहा. थेंबथेंब होणं म्हणजे होणं नव्हे.

खाज आणि कुडकुडणं हे औषधाचे परिणाम, जातात, पण आधी सांगितलं तर घाबरगुंडी उडत नाही. ताप जरा अवघड प्रकरण आहे. एपिड्युरल घेतलेल्या पाचातल्या एकीला बाळंतपणात ताप येतो, त्यात जंतुसंसर्ग नसतोही. पण असूही शकतो, आणि आईला ताप म्हटल्यावर बाळाचं रक्त तपासणं, अँटिबायोटिक, कधी बाळ आईपासून लांब, हे सगळं मागोमाग येतं. त्या आईला कोणीतरी नीट सांगा की हे का चाललंय.

आता ज्या गोष्टीवर मला सगळ्यात जास्त मेसेज आलेत ती. न चालणारं एपिड्युरल.

ओएएच्या त्याच माहितीपत्रात आहे की आठातल्या एका बाईला एपिड्युरलने कळांमध्ये पुरेसा आराम मिळत नाही. एका बाजूला दुखतं, किंवा मधेच एक चकता जागा राहतो, नळी सरकलेली असते. चालतं, होतं, नळी थोडी मागे घ्या, डोस द्या, नाहीतर काढून नवीन घाला. पण त्यासाठी कोणीतरी परत यायला हवं. नळी घालून भूलतज्ज्ञ दुसरीकडे गेले आणि बाई म्हणतेय की डावीकडे दुखतंय, तर तिला "थोडं तरी दुखणारच, बाळ काय असंच होतं का" असं ऐकवतात. मग काही तासांनी सिझर ठरतं, त्याच अर्धवट नळीतून भरपूर औषध देतात आणि टेबलावर घेतात. वीसातल्या एकीला असं वाढवलेलं एपिड्युरल सिझरसाठी पुरत नाही आणि पूर्ण भूल द्यावी लागते. ही कोणती बाई असणार याचा अंदाज तुम्हाला चार तास आधीच येऊ शकतो, जी तेव्हापासून सांगत होती तीच!

आणि टेबलावर दुखतंय म्हणाली तर विश्वास ठेवा. ओढल्यासारखं वाटेल, दाब वाटेल, पण दुखणार नाही, असं सांगून नेता ना, मग ती दुखतंय म्हणाल्यावर तो दाब आहे असं तिला पटवत बसू नका. चीर द्यायच्या आधी नुसत्या थंड स्पर्शाने नाही तर हलक्या स्पर्शाने छातीपर्यंत तपासा, आणि मधे दुखलं तर थांबता येत असेल तिथे थांबा, औषध द्या, पूर्ण भूल हवी का विचारा. २०२२ मध्ये ब्रिटिश भूलतज्ज्ञांनी यावर वेगळं मार्गदर्शन लिहिलं, याचा अर्थ हे बायकांच्या मनाचे खेळ नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी जाऊन तिच्याशी बोला. पोट कापताना सगळं कळलं आणि कोणी ऐकलं नाही हे घेऊन घरी गेलेली बाई दुसऱ्या बाळाचा विचारही करू शकत नाही, आणि तुमच्या रेकॉर्डला मात्र ती केस "एपिड्युरल, सिझर, आई-बाळ सुखरूप" अशी असते.

मॅनेजमेंटसाठी एक वेगळा मुद्दा, थोडा आडवा आहे पण टाळता येत नाही. २००६ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये सोळा वर्षांच्या मुलीला बाळंतपणात अँटिबायोटिकऐवजी एपिड्युरलचं औषध शिरेतून दिलं गेलं आणि ती गेली. देणाऱ्या नर्सने आदल्या दिवशी लागोपाठ दोन शिफ्ट केल्या होत्या. २०१० मध्ये सिडनीत एका बाईच्या एपिड्युरलमध्ये सलाईनऐवजी पाठ पुसायचं क्लोरहेक्सिडिन गेलं आणि ती कायमची अपंग झाली. यावर फार अवघड उपाय नाहीत. एपिड्युरलची जोडणी शिरेच्या सलाईनला बसूच नये असे वेगळे कनेक्टर आहेत, त्यांचं आयएसओ मानकही आहे. पाठ पुसून झाली, वाळली, की ते द्रावण औषधांच्या टेबलावरून हलवायचं. हे खरेदीचे आणि रोस्टरचे निर्णय आहेत, आणि ते नर्स घेत नाही, तुम्ही घेता.

कन्सेंटबद्दल थोडंच बोलते. गर्भाशयाचं तोंड सहा सेंटिमीटर उघडलेल्या, दर तीन मिनिटांनी कळ येणाऱ्या बाईपुढे फॉर्म धरून "इथे सही" याला माहिती देणं म्हणत नाहीत. सातव्या-आठव्या महिन्यात एक कागद द्या, आकड्यांसकट. नस काही काळ दुखावणं हजारात एक, सहा महिन्यांहून जास्त टिकणं १३,००० त एक, कायमचा लुळेपणा अडीच लाखांत एक. हे आकडे वाचून बायका पळून जात नाहीत, उलट निवांत होतात, कारण त्यांच्या डोक्यात यापेक्षा भयंकर आकडे कोणीतरी आधीच भरवलेले असतात. पाठ जन्मभर दुखते ही त्यातली सगळ्यात आवडती अफवा. अभ्यासांमध्ये एपिड्युरल घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या बायकांच्या दीर्घकाळच्या पाठदुखीत फरक सापडलेला नाही, सुईची जागा काही दिवस दुखते ते वेगळं. सिझरची शक्यता वाढते हेही नाही, २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात ११,००० हून जास्त बायकांवरचे अभ्यास एकत्र करून तसं दिसलं नाही. व्हॅक्यूम-फोर्सेप्स लावून बाळ ओढून काढणं मात्र वाढलेलं दिसलं, पण २००५ नंतरचे अभ्यास वेगळे काढले तर तोही फरक उरला नाही. आता बघा, सगळं जग पाठदुखीचं बोलतं म्हणून बाईही पाठीवर लक्ष ठेवून असते, आणि डोकं दुखायला लागलं की तिच्या मनात एपिड्युरल येतच नाही.

तर मागणं काय. एपिड्युरल घेतलेल्या प्रत्येक बाईच्या फाईलवर एक वेगळा तक्ता लावा ज्यात ४ तासांनी पाय उचलला का, सहा तासांत लघवी किती, पाठीची जागा कशी आहे, उभं राहिल्यावर डोकं दुखतं का, आणि बघणाऱ्याची सही, एवढंच. दुसऱ्या दिवशी भूलविभागातलं कोणीतरी, मोठे डॉक्टर नको, रेसिडेंट चालेल, पलंगापाशी येऊन पाच मिनिटं बोलेल. भोक पडल्याची शंका असेल तर त्या बाईला घरी गेल्यावरही रोज फोन, डोकेदुखी जाईपर्यंत. आणि डिस्चार्ज कार्डावर "एपिड्युरल दिलं" असं ठळक आणि त्याखाली एक नंबर जो उचलणाऱ्याला ब्लड पॅच म्हणजे काय ते माहीत असेल.

माणसं कुठून आणायची असं विचाराल. रात्रीच्या ड्युटीला एक भूलतज्ज्ञ, इमर्जन्सी सिझर आणि आयसीयू दोन्ही त्याच्याच गळ्यात, हे मला दिसतं, मी आंधळी नाहीये. पण पाय उचलून बघायला भूलतज्ज्ञ लागत नाही, सिस्टरला एकदा शिकवलं की झालं. फोन करायलाही लागत नाही. जिथे नंतर बघायला खरोखर कोणीच नाही तिथे मग एपिड्युरल किती द्यायची हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारायला हवा, कारण पॅकेजमध्ये ते लिहिताना माणसांचा हिशोब तुम्ही केलाच असेल ना.

तुमची,
एपिड्युरल घेतलेली आणि परत घेणारी एक आई

ता.क. पत्र डॉक्टरांना असलं तरी वाचणार बायकाच, म्हणून. घरी गेल्यावर उठून बसलं की डोकं दुखत असेल आणि आडवं पडलं की थांबत असेल तर थांबू नका, फोन करा. डोकेदुखी आधी उठल्यावरच होती आणि आता झोपूनही जात नाही असं झालं, किंवा झटका आला, गुंगी आली, धूसर दिसायला लागलं, तर फोन नाही, थेट हॉस्पिटल. पाठीत वाढत जाणारं दुखणं आणि ताप, पायात नव्याने कमजोरी किंवा बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, यातलं काहीही झालं तर रात्र आहे की सुट्टी आहे बघू नका. आणि तिथे पोचल्यावर समोर जो कोणी असेल त्याला सगळ्यात आधी हे सांगा की तुम्हाला एपिड्युरल दिलं होतं आणि कोणत्या तारखेला, कारण ते तुम्हाला विचारतीलच याची खात्री नाही.